डोळ्यांनी खोटं बोल, तोंडानं नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचा व्हिडिओ पाठवला. मी तो तीनदा पाहिला. हे पत्र आजी तुला वाचून दाखवणार आहेत, म्हणून खेळातल्या गोष्टी त्यांनाही कळतील अशा लिहितो. तुला ठाऊक असलेलं पुन्हा आलं तर ऐकून घे.

तीन इंटरसेप्शन झाली. म्हणजे आजी, यानं आपल्या गड्याकडे फेकलेला चेंडू तीनदा समोरच्या संघानं वरच्या वर पकडला. पहिली दोन मी धरत नाही. एकदा चेंडू रिसीव्हरच्या, म्हणजे तो झेलणाऱ्या आपल्या गड्याच्या, हाताला लागून उडाला, एकदा तुला मागून धक्का बसला. तिसऱ्याचं मात्र बोलायला हवं. व्हिडिओ थांबवून बघ. स्नॅप झाला, म्हणजे पुढच्या गड्यानं चेंडू मागे दिला, तो तुझ्या हातात आला आणि तुझी मान डावीकडे वळली ती वळलेलीच. डावा रिसीव्हर बारा यार्ड पळून मागे वळेपर्यंत तू त्याच्यावरची नजर हलवली नाहीस. मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या मागे उभा असलेला समोरच्या संघाचा सेफ्टी, म्हणजे त्यांचा शेवटचा राखणदार, रिसीव्हरकडे बघतच नव्हता. तो तुझे डोळे वाचत होता. तुझा हात मागे जायच्या आधीच तो पळत सुटला होता.

तुझ्या हाताशी साधारण तीन सेकंद असतात. त्यातलं पहिलं त्या सेफ्टीला फसवण्यात घालव. डावीकडे फेकायचं असेल तर आधी उजवीकडे बघ, आणि नुसती बुबुळं फिरवून भागत नाही, खांदेही तिकडे हवेत. तो दोन पावलं सरकला की वळ. आधी पाय वळू दे, हात आपोआप येतो. रविवारी एखाद्या मित्राला वीस यार्डांवर मधोमध उभं कर आणि सांग, चेंडू जिकडे जाईलसं वाटतं तिकडे हात दाखव. दहातल्या सात वेळा त्याचा हात चुकीच्या बाजूला गेला, की मला फोन कर.

एवढं खोटं क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, माफ आहे, समोरच्या संघाशी. आपल्या माणसांशी नाही.

कारण त्यानंतर तू जाऊन बाकाच्या टोकाला एकटा बसलास. हेल्मेट तसंच, वरून टॉवेल. मला ते इंटरसेप्शनपेक्षा जास्त लागलं. तुझ्या पुढ्यात पाच लाइनमन असतात. आजी, त्यांतल्या चौघांचा अख्ख्या मॅचमध्ये चेंडूला सहसा हातही लागत नाही. याच्या अंगावर येणाऱ्यांना अंगानं थोपवायचं, एवढंच त्यांचं काम. ती पोरं त्या वेळी धापा टाकत बाकावर बसली होती आणि तू त्यांच्याकडे पाठ केलीस. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहा आणि म्हण, ‘माझं चुकलं, मी एकाच बाजूला बघत बसलो.’ कारणं सांगू नकोस, आणि दहादा सॉरीही म्हणू नकोस.

कधी चूक खरंच रिसीव्हरची असेल. तीही चारचौघांत आपल्याकडे घे; त्याच्याशी काय ते नंतर, दोघंच असताना बोल. मी सतरा वर्षांचा असताना, ओहायोतल्या शाळेत, एक रिसीव्हर ठरल्यापेक्षा लवकर वळला आणि चेंडू गेला. मी भर मैदानात, सगळ्या पालकांसमोर दोन्ही हात पसरून त्याच्याकडे बघितलं. माफी मी मागितली, पण सीझन संपल्यावर. तोवर तो माझ्यासाठी पळायचा, पण जीव तोडून पळायचा नाही.

आकड्यांचं मनावर घेऊ नकोस. पेटन मॅनिंगसारख्या मोठ्या क्वार्टरबॅकनं १९९८ साली, एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्सकडून पहिल्याच मोसमात, २८ इंटरसेप्शन दिली. नवख्या खेळाडूचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. संघ १६ पैकी ३ सामने जिंकला. पुढच्या वर्षी १३ जिंकले, क्वार्टरबॅक तोच.

आता जे लिहितो ते आजी, तुम्ही दोनदा वाचा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुझं डोकं जमिनीवर आपटलं. उठल्यावर तू क्षणभर चुकीच्या हडलकडे, म्हणजे पुढचा डाव ठरवायला जमलेल्या समोरच्या संघाच्या घोळक्याकडे, चालायला लागलास. कोचनं विचारलं, तर तू अंगठा वर केलास. हा अंगठा मी ओळखतो. त्याच वयात मीही तो केला होता. मैदानावरचे दिवे दोन-दोन दिसत होते आणि मी पुढचे अकरा डाव खेळलो. ते डाव मला आजही आठवत नाहीत, मित्रांनी सांगितले म्हणून माहीत. स्टीव्ह यंगसारखा खेळाडू, सुपर बोल, म्हणजे त्या लीगची अंतिम लढत, जिंकलेला, सप्टेंबर १९९९ मध्ये ॲरिझोनातल्या सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर गेला तो पुन्हा खेळलाच नाही. आमच्या वेळी विचारणारं कोणी नव्हतं. तुझ्या वेळी कायदा आहे: वॉशिंग्टन राज्यानं तो २००९ साली आधी केला आणि २०१४ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे झाले. कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला झालेल्या इजेचा, संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं. पण तू अंगठा वर केलास तर संशय यायचा कुणाला? आजच ट्रेनरला खरं काय ते सांग. शाळेबाहेरच्या डॉक्टरांकडेही जा. आईशी मी बोललो आहे. डॉक्टरांनी या शुक्रवारी नाही म्हटलं, तर नाही.

खेळायला मिळो न मिळो, शुक्रवारी मी गाडी काढून येतोच आहे. आजींना घेऊन वरच्या रांगेत बसेन. तिथून सेफ्टी कुणाच्या डोळ्यांकडे बघतो ते त्यांना नीट दाखवता येईल. तू खेळत नसशील, तर त्या लाइनमन पोरांना पाणी नेऊन दे.

तुझा,
काका