सरकारचा मोठा वकील सरकार सांगेल तेच बोलतो का?

तुम्ही विचारलंय की हायकोर्टात सरकारतर्फे उभा राहणारा मुख्य वकील सरकारच्या हुकमाचा ताबेदार असतो का. मी नागपूर खंडपीठात वकिली करतो. काही वर्षं सहायक सरकारी वकील होतो, तेव्हाचं सांगतो.

राज्याचा सर्वांत वरचा वकील म्हणजे महाधिवक्ता. संविधानाच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे राज्यपाल त्यांना नेमतात. आमच्याकडे रोजचा भार मात्र मुख्य सरकारी वकील आणि त्यांच्या सहायकांवर. फौजदारीत तर कायद्यानेच त्यांना स्वतःचं डोकं दिलंय. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यायचा आणि न्यायालयाची संमती घ्यायची. नुसतं मंत्रालयाचं पत्र आलं म्हणून खटला संपत नाही.

आता दिवाणी बाजू, जी मी जवळून पाहिली. सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या दगडी इमारतीत सकाळी दहाला जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकारी फायली घेऊन येतात. कुणी गडचिरोलीहून, कुणी रात्रभर प्रवास करून बुलढाण्याहून. केस बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, लागलेली, आणि परिच्छेदनिहाय अभिप्राय, म्हणजे याचिकेतल्या एकेका परिच्छेदावर खात्याचं म्हणणं, बरेचदा त्याच वेळी हातात पडतात.

एकदा यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याची भूसंपादनाची केस होती. खात्याच्या उत्तरात जमिनीचा ताबा १९९९ मध्ये घेतल्याचं लिहिलेलं. आमच्या साहेबांनी, म्हणजे मुख्य सरकारी वकिलांनी, मूळ फाईल मागवली आणि एकेक पान उलटत गेले. तळाशी पिवळी पडलेली ताबा पावती निघाली, १९९६ ची. तेव्हाच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्यावरचं व्याज ताब्यापासून मोजत, पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५. म्हणजे त्या माणसाचं तीन वर्षांचं व्याज बुडणार होतं.

"हे उत्तर मी दाखल करणार नाही. दुरुस्त करून आणा."

"साहेब, तुम्ही आमच्या बाजूचे ना?"

"म्हणूनच सांगतोय. खोटं शपथपत्र तुमच्या सहीचं असणार आहे."

अधिकारी गप्प बसले. मला त्या क्षणी कळलं की सरकारचा वकील आणि खात्याचा वकील यांत फरक आहे. सरकारने नागरिकाला खोटं पाडून पैसे वाचवावेत, हे राज्याचं हित नव्हेच.

पुढच्या तारखेला साहेब उभे राहिले आणि ताब्याची खरी तारीख त्यांनी स्वतःच वाचून दाखवली. शेतकऱ्याच्या वकिलाला त्यावर युक्तिवाद करावाच लागला नाही. मागच्या बाकावर म्हातारा टोपी मांडीवर ठेवून बसला होता. काय झालं ते त्याला बाहेर व्हरांड्यात मीच समजावून सांगितलं.