कारण न सापडलेल्या ब्रेन स्ट्रोकनंतर पुढची वर्षे कशी जातात?

तुम्ही लिहिले आहे की, ४६ वर्षांच्या भावाला ब्रेन स्ट्रोक येऊन गेला, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर अंगावर लावून हृदयाचे ठोके नोंदवणारे यंत्र) असे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि ‘कारण सापडत नाही’ असे सांगून डॉक्टरांनी घरी सोडले; आता पुढे काय, हा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिकवतो आणि २०१७ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, मी याच अवस्थेतून गेलो आहे. त्या सकाळी महाद्वार रोडवर मागून येणाऱ्या एका बाईंनी हाक मारून सांगितले की, अहो, तुमची चप्पल मागे राहिली. डाव्या पायातली चप्पल दहा पावले मागे पडली होती आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता.

मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यामुळे येणाऱ्या झटक्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात नेहमीच्या तपासण्यांनंतरही कारण हाती लागत नाही, तेव्हा तुमच्या भावाच्या बाबतीत काही विपरीत घडले आहे असे समजू नका. हृदयातील दोषामुळे येणाऱ्या झटक्यांच्या तुलनेत हे झटके सरासरीने सौम्य असतात आणि त्यातून बरेच जण पुन्हा आपले आपण सगळे करू लागतात. मात्र धोका संपत नाही. ज्यांच्यात गुठळी दुसरीकडून आली असावी असे वाटते पण ठिकाण सापडत नाही, अशा रुग्णांपैकी दरवर्षी शंभरात साधारण चार ते पाच जणांना पुन्हा झटका येतो. हा आकडा प्रामुख्याने साठी ओलांडलेल्या रुग्णांच्या अभ्यासांतून आलेला आहे. बीपी आणि साखर आटोक्यात असलेल्या तरुण माणसाला धोका त्याहून कमी असू शकतो.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, ‘कारण सापडले नाही’ याचा अर्थ ‘अजून सापडले नाही’ असा घ्यावा आणि शोध थांबवू नये. हृदयाचे ठोके मधूनच अनियमित होतात, त्या वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, पण एका दिवसाच्या होल्टरमध्ये तो नेमका क्षण सापडेलच असे नसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या छातीवर त्वचेखाली ठोके नोंदवणारे छोटे यंत्र बसवले होते, वर्षभरात १२.४ टक्के रुग्णांमध्ये ही अनियमितता सापडली, तर नेहमीच्या तपासणीत केवळ २ टक्क्यांमध्ये. तीन वर्षांत हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. माझ्या बाबतीत तिसऱ्या वर्षी धडधड जाणवू लागली, पुन्हा होल्टर लावला, आणि तेव्हा कुठे दोष दिसून गोळी बदलली.

ती गोळी, म्हणजे रक्त पातळ ठेवणारे तीव्र औषध, आधीपासूनच का देत नाहीत, असे माझ्या पत्नीनेही त्या वेळी काकुळतीने विचारले होते. कारण न सापडलेल्या ७,२१३ रुग्णांवर रिव्हारोक्साबान हे असेच तीव्र औषध आणि अॅस्पिरिन यांची तुलना झाली. २०१८ मध्ये निकाल आला, तेव्हा झटके कमी झाले नव्हते आणि रक्तस्राव मात्र वाढला होता. म्हणून दोष सापडेपर्यंत अॅस्पिरिनसारखी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपी १३०/८० च्या खाली, एवढ्यावर नेटाने टिकून राहावे लागते. भाऊ साठीच्या आतला आहे, म्हणून हृदयाच्या पडद्यात जन्मजात छिद्र राहिले आहे का, यासाठी बबल टेस्ट (शिरेतून बारीक बुडबुडे सोडून केलेली इको तपासणी) झाली आहे का, हे न्यूरोलॉजिस्टना अवश्य विचारा. असे छिद्र चौघांत एकाला असते, तरी निवडक रुग्णांमध्ये ते बंद केल्याने पुढचे झटके कमी होतात.

हातापायांपेक्षा थकवा अधिक काळ पिच्छा पुरवतो. रंकाळ्यावर मी अर्धा तास चालू लागलो, तरी दुपारी सलग दोन तास वर्गावर उभे राहणे वर्षभर जमले नाही. अनेकांचे मनही खचते. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये, डॉक्टरांना सांगावे. तांबडा रस्सा मी सोडलेला नाही, त्यातले मीठ कमी केले आहे.

पुन्हा कधी तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर लकव्याच्या झाडपाल्यासाठी कुठल्या गावाला नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.