अनोळखी कंपनीची ५८ सीसी चेनसॉ रोजच्या लाकूडतोडीला चालेल का?

स्टिकरवरच्या ५८ वर जाऊ नका. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) विचारा: ४५.२ मिमी बोअरला ३६ मिमी स्ट्रोक असेल तरच ५८ सीसी भरतात, ३४ असेल तर साडेचोपन्न. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किलोवॅट, म्हणजे इंजिनची ताकद, आणि वजन. ६० सीसीच्या आसपासची व्यावसायिक मशीन साधारण साडेतीन किलोवॅट देते.

घेण्याआधी सायलेन्सर उतरवून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर मशीन तिथेच ठेवा. मग चालू करून गरम होऊ द्या. आयडलला (रेस न देता) आवाज आपोआप वरखाली होत असेल तर क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्यावरचं सील) किंवा कार्बोरेटरचा रबरी बूट हवा ओढतोय. अशी मशीन पेट्रोल कमी, हवा जास्त घेते आणि भर उन्हात, आंब्याच्या जाड बुंध्यात पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. स्क्रू फिरवून हा दोष जात नाही.

बारचं (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं) टोक ताज्या कापाच्या पांढऱ्या लाकडावर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटलीच पाहिजे. चेन ब्रेक (पुढच्या हँडलसमोरची दांडी) पुढे ढकलताच चेन जागच्या जागी थांबायला हवी. इथे तडजोड करूच नका, जिवाशी गाठ आहे.

शेवटी दुकानदाराकडे ऑइल पंपाचा वर्म गिअर, क्लच ड्रम, कॉइल आणि पिस्टन रिंग मागा. ‘मागवून देतो’ म्हणाला, तर ती मशीन घरच्या सरपणापुरती ठीक; ज्यावर रोजंदारीची माणसं अवलंबून आहेत त्या कामाला नको.