मेल्यावर कारण कळतं का, ते बघ

प्रिय दोस्ता,

तू घ्यायच्या म्हणून पाठवलेली व्हिडिओ गेमची यादी पाहिली. सगळे गेम गाजलेले आहेत, पण पैसे टाकण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: मेल्यावर आपण का मेलो हे कळतं का?

'एल्डन रिंग' (2022) इथे पैकीच्या पैकी घेतो. लोक त्याला अवघड म्हणतात. मी कडक पण प्रामाणिक म्हणेन. पहिला खरा अडसर मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू. तो काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. नवखा खेळाडू काठी उचललेली दिसताच लोळतो आणि उठता उठता मार खातो. लोळण्याच्या फक्त सुरुवातीच्या क्षणांत इजा होत नाही, म्हणून काठी खाली येऊ लागली की लोळ, तेही मागे नाही, त्याच्या अंगावर. अंगावरचं वजन 70 टक्क्यांच्या वर गेलं की लोळणं जड होतं, तेव्हा छानसं चिलखत दिसलं म्हणून चढवू नकोस. मिळालेले पॉइंट आधी व्हिगरमध्ये, म्हणजे जीव वाढवण्यात, टाक: मार्गिटपर्यंत 20, मध्यावर 40, शेवटी 60. त्यापुढे टाकलेल्याचं फारसं चीज होत नाही. सुरुवातीच्या चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर हत्यार +3 पर्यंत, म्हणजे तीन पायऱ्या, सुधारता येतं. त्याला 2, 4 आणि 6 असे 12 स्मिदिंग स्टोन, म्हणजे हत्यार सुधारायचे दगड, लागतात. एवढं करूनही अडलास तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा भाग फिरून ये, डोकं आपटत बसू नकोस. तक्रार एकच: शेवटच्या एक तृतीयांश भागात तेच ते बॉस पुन्हा समोर येतात आणि भुयारं तर सगळी एकाच साच्यातली.

'काउंटर-स्ट्राइक 2' हा दोन संघांतल्या गोळीबाराचा गेम फुकट आहे, म्हणून स्वस्त समजू नकोस, वेळ भरपूर खातो. धावता धावता झाडलेल्या गोळ्या फाकतात. उजवीकडे जाताना डी (उजवीकडची कळ) सोडून क्षणभर ए (डावीकडची) दाबायची, पाय थांबले की मग गोळी. माउसचा वेग 800 डीपीआय आणि गेममध्ये सेन्सिटिव्हिटी 1 च्या आसपास ठेव आणि रोज बदलू नकोस; हाताला सवय लागू दे. खरी चूक मात्र गेममधल्या पैशांत होते; त्यांतून फेरीआधी हत्यारं घ्यायची असतात. एके-47 बंदुकीला 2700, जॅकेट-हेल्मेटला 1000, म्हणजे ग्रेनेडशिवाय 3700. सलग हरत गेलात की मिळणारी रक्कम दर फेरीला 500 ने वाढत 3400 पर्यंत जाते. संघातल्या पाचांपैकी दोघांनी अर्धवट खरेदी केली की ती फेरीही जाते आणि पुढचीही. घ्यायचं तर सगळ्यांनी, राखायचं तर सगळ्यांनी. स्किनवर, म्हणजे हत्यारांच्या नुसत्या सजावटीवर, खरे पैसे घालण्यापेक्षा 144 हर्ट्झचा (सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा) मॉनिटर घे. 60 हर्ट्झवर नवं चित्र 16.7 मिलिसेकंदांनी येतं, 144 वर 6.9 नी. शिव्या देणाऱ्याला म्यूट कर, वाद घालू नकोस.

मोबाइलवरच्या बॅटल रॉयलबद्दल, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत लढायच्या गेमबद्दल, विचारलंस. दहा मिनिटं सामान गोळा करायचं आणि न दिसलेल्या माणसाकडून मरायचं, यात शिकण्यासारखं थोडंच. मित्रांबरोबर ठीक. पण क्रेटवर, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असणाऱ्या पेट्यांवर, एक रुपयाही नको.

'राजी' (2020) पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा. चित्रं आणि वास्तू डोळ्यांत साठवाव्यात अशा, पण लढाई लवकर एकसुरी होते आणि गोष्ट ऐन रंगात आल्यावर संपते. सवलतीत मिळाला तर जरूर घे.

सुरुवात मात्र 'सेलेस्ट'ने (2018) कर, उड्या मारत डोंगर चढायचा गेम. मेलास की त्याच पडद्यावर लगेच परत उभा, त्यामुळे चूक ताजी असतानाच सुधारता येते. कडेवरून पाय सुटल्यावरही एक निमिष उडी घेता येते, हे कळलं की निम्म्या उड्या सोप्या होतात. फारच अडलं तर असिस्ट मोडमध्ये, म्हणजे मदतीच्या सोयीत, गेमचा वेग 50 टक्क्यांपर्यंत उतरव, त्यात लाज कसली?

आणि हो, गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलास तर 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचे 2 तास भरायच्या आत पैसे परत मागता येतात. 'एल्डन रिंग'मध्ये चेहरा घडवण्यातच त्यातला अर्धा तास जातो. म्हणून आधी कसाही चेहरा घे, थेट मैदानात उतर आणि तुझ्या लॅपटॉपवर गेम अडखळतो का ते पाहा.

तुझा,
एक जुना खेळाडू