बंद पडली तिथेच तपासा
जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाना, नमस्कार. वडिलांची १९८४ ची बुलेट ३५० मी वापरतो. ६ व्होल्टची, पॉइंटवाली, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या दोन टोकांनी ठिणगीचा करंट तोडणारी. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला माहेरी आणायला अमळनेरहून धुळ्याकडे निघालो. बारा-पंधरा किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली, मग दोन-तीन आचके देऊन गप्प. किका मारून पाय भरून आला. लिंबाखाली अर्धा तास बसलो आणि मग पहिल्या किकला सुरू! पुढे दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. बहीण पिशवी भरून ओट्यावर वाट बघत बसलेली, मी पोचलो दुपारी तीनला. त्यानंतर गॅरेजमध्ये प्लग बदलला, पॉइंट बदलले, नवी बॅटरी टाकली, कार्बोरेटर दोनदा धुतला. गॅरेजच्या दारात गाडी झकास चालते, रस्त्यावर पुन्हा तेच रडगाणं. आता म्हणतात, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाका. टाकू का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, किट टाकू नका. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे "गॅरेजच्या दारात झकास चालते". दुखणं गरम झाल्यावर येतं आणि तपासणी होते थंड गाडीची. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावला तर काय दिसणार?

हे मी स्वतः चुकून शिकलो. भुसावळला गॅरेज टाकून मला चारेक वर्षं झाली होती. यावलकडच्या एका शेतकरी काकांची बुलेट अशीच यायची. तीन वेळा आली आणि तीन वेळा मी काही ना काही बदलून, दारात दहा मिनिटं चालवून परत दिली. चौथ्यांदा काका ती तापीच्या पुलापलीकडून ढकलत घेऊन आले. शर्ट पाठीला चिकटलेला. रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "नाना, तू एकदा माझ्यासंगे चाल ना." मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, ऐन उन्हात, खिशात पाना आणि टेस्ट लॅम्प घेऊन मी मागे बसलो. पूल ओलांडल्यावर गाडी बंद पडली आणि पाच मिनिटांत दोष सापडला. कंडेन्सर. तेव्हापासून गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी मी दारात तपासत नाही, रस्त्यावर नेतो.

तुम्हीही तेच करा. सोबत एवढं घ्या : प्लग पाना, चांगला चालणारा एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, हातभर वायरला चिमटे लावलेला एक जादा कंडेन्सर, ६ व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरींसह, पाण्याची बाटली आणि एक फडकं. गाडी बंद पडली की सावली शोधत ढकलत नेऊ नका. तिथेच बाजूला घ्या. घड्याळ सुरू झालं असं समजा, कारण गाडी निवू लागली की पुरावा जातो.

पहिलं काम टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्यासारखा फुस्स आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, काही संबंध नाही, झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली उतरत नाही, थांबल्यावर हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालते. लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखीच. हे दुखणं करंटचं समजून लोकांनी अख्ख्या कॉइली (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणाऱ्या) बदललेल्या मी पाहिल्या आहेत. सुईने भोक मोकळं केलं की झालं.

आवाज आला नाही तर झाकण घट्ट लावा आणि मगच स्पार्ककडे वळा. उघड्या टाकीजवळ ठिणगी पाडायची नाही, हे तर सांगायलाच नको. जादा प्लग कॅपमध्ये खोचा, प्लगचं लोखंडी अंग हेडच्या पात्याला नीट टेकवा, चावी चालू करून किक मारा. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून फडक्याची सावली धरा. निळी, जाड, 'चट्' आवाज करणारी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे बघा. पिवळी, बारीक, कधी पडते कधी नाही, किंवा अजिबातच नाही, तर दोष इग्निशनमध्ये आहे. एवढं कळलं की अर्धी लढाई जिंकली.

आता हेडलाइटवरचा अॅम्पिअर मीटर बघा. जुन्या बुलेटवर निदानासाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. चावी चालू, बाकी सगळे लाइट बंद. किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश खाली न्या. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा काटा डिस्चार्जकडे झुकतो, पॉइंट उघडले की शून्यावर येतो. काटा असा हलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता चांगला आहे. अजिबात हलत नसेल तर करंट पोचतच नाही : चावीचा स्विच, फ्यूज, ढिली वायर, नाहीतर पॉइंटवर तेलाचा थर. आणि काटा डिस्चार्जकडे जाऊन तिथेच चिकटून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे.

मीटर मेलेला असेल तर बल्ब घ्या. एक टोक कॉइलपासून पॉइंटला येणाऱ्या वायरच्या जोडावर, दुसरं इंजिनच्या अंगाला. पॉइंट उघडे असताना बल्ब पेटला पाहिजे आणि मिटल्यावर विझला पाहिजे. ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर हेच आहे, कारण मिटलेले पॉइंट सगळा करंट जमिनीत उतरवतात, बल्बला काही उरत नाही.

माझा अंदाज आहे की तुमचा काटा व्यवस्थित हलेल आणि तरी ठिणगी मरतुकडी असेल. मग संशयित दोनच : कंडेन्सर आणि कॉइल. तुमच्या यादीत प्लग, पॉइंट, बॅटरी, कार्बोरेटर सगळं आहे, पण या दोघांचं नाव नाही!

आधी कंडेन्सर, कारण स्वस्त आहे. सिलिंडरच्या मागे पॉइंटच्या डब्याचं झाकण काढा, सावली धरा आणि कुणालातरी किक मारायला सांगा. पॉइंट उघडताना बारीक निळसर ठिपका दिसला तर ठीक. पांढरी-पिवळी मोठी ठिणगी तडतडत असेल तर कंडेन्सर गेला. त्याचं काम असं : पॉइंट उघडतात तेव्हा करंटला उडी मारून पलीकडे जायचं असतं. कंडेन्सर तो क्षणभर पोटात घेतो, त्यामुळे कॉइलमधला करंट झटक्यात तुटतो, आणि तो झटका जितका तीव्र तितकी प्लगची ठिणगी दमदार. कंडेन्सर गळायला लागला की उडी पॉइंटवर पडते आणि प्लग उपाशी राहतो. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवा, जादा कंडेन्सरचा एक चिमटा त्याच जोडावर, दुसरा इंजिनला लावा. जुना सोडवायला विसरू नका, शॉर्ट झालेला असेल तर तो नव्यालाही काम करू देणार नाही. गाडी सुरू झाली तर तशीच घरी या.

नाही झाली, तर कॉइल. चावी बंद करा. फडकं भिजवून, पिळून कॉइलभोवती गुंडाळा, तारांच्या टोकांना पाणी लागू देऊ नका. बाकी कशालाही हात न लावता चार-पाच मिनिटं थांबा. इंजिन अजून तापलेलंच आहे आणि फक्त कॉइल निवल्यावर गाडी सुरू झाली, तर वेगळा साक्षीदार कशाला हवा? कॉइलच्या आत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरचं इनॅमल कुठे तडकलं असेल तर तापल्यावर ते वेढे एकमेकांना भिडतात, नाहीतर तुटलेलं टोक फाकतं, आणि निवलं की पुन्हा जागेवर. शिवाय तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. ३० अंशाची कॉइल ९० ला गेली की रोध जवळपास पावपट वाढलेला असतो. ६ व्होल्टच्या गाडीत आधीच हात आखडता, त्यात ही काटछाट. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा असल्या काठावरच्या कॉइली पटापटा पडतात. हिवाळ्यात हीच गाडी तुम्हाला कुठेही नेईल.

नवी कॉइल घेताना ६ व्होल्टचीच मागा. दुकानदार "चालते" म्हणत १२ ची पुढे करतो, ती घेऊ नका. तिचा प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वेढ्यांचा) रोध साधारण दुप्पट असतो, ठिणगी कायमची अशक्त होईल.

पॉइंट नवे बसवले आहेत तर गॅपही एकदा बघा, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सगळ्यात उंच जागी. नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही दिवसांत झिजते आणि गॅप कमी होतो. कॅमला ग्रीसचा एक थेंब लावा, एकच.

किटबद्दल म्हणाल तर ते वाईट नाही. पण कॉइल आजारी असेल तर किट टाकूनही गाडी त्याच लिंबाखाली उभी राहील. आणि किट वाटेत गेलं तर पॉलिश पेपर घासून घरी येता येत नाही. वडिलांची गाडी आहे, पॉइंटवरच ठेवा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : नाना, माझी बुलेट किक उलटी मारते. मागच्या आठवड्यात घोटा सुजला. मिसेस म्हणते विकून टाका.
— एक वाचक, एरंडोल

उत्तर : आधी घोट्याचा एक्स-रे काढा, अंगावर काढू नका. बुलेटच्या किकने हाड मोडल्याची उदाहरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

गाडी विकायची गरज नाही. ठिणगी लवकर पडते आहे. पिस्टन वर पोचायच्या आत स्फोट झाला की तो त्याला मागे ढकलतो आणि ती ढकल तुमच्या पायाला येते. पॉइंटच्या प्लेटखाली अॅडव्हान्सची दोन वजनं आणि बारीक स्प्रिंगा आहेत, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडायला. ग्रीस वाळून वजनं बाहेरच अडकली असतील, किंवा स्प्रिंग ताणून सैल झाली असेल, तर गाडी चालू होण्याआधीच अॅडव्हान्समध्ये असते. कॅम बोटाने फिरवून सोडा. चटकन मागे आला पाहिजे. आळसावून आला तर उघडून रॉकेलने धुवा.

मग गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. ३५० ला वजनं पूर्ण मिटलेली असताना, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन टोकाला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. नेमका क्षण पकडायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हळू ओढत राहा. ज्या क्षणी सुटेल तो क्षण.

आणि किक मारायची रीत पाळा. दाब लागेपर्यंत किक खाली न्या, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून थोडीशी पुढे ढकला, सोडा, किक वर येऊ द्या, मग पूर्ण वजनाने मारा. अर्धवट, भीत-भीत मारलेली किकच उलटते. मिसेसना सांगा, महिनाभर थांबा.

प्रश्न : केळीच्या मळ्यात येझदी वापरतो. पावसाळी सकाळी हमखास चालू होत नाही, ऊन पडलं की होते. पॉइंट साफ आहेत.
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : तुमचं दुखणं अमळनेरच्या वाचकाच्या बरोबर उलट आहे, म्हणून उलटंच करा : अंधारात तपासा. रात्री शेडमधला दिवा बंद करा, गाडी चालू ठेवा आणि प्लगच्या वायरवर, कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. वायरला तडे गेले असतील तर निळ्या रेघा सिलिंडरकडे पळताना स्वच्छ दिसतील. हात लावू नका, झटका जबर बसतो. कॅप आणि वायर दोन्ही बदला, नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

रेघा दिसल्या नाहीत तर उजव्या बाजूचं कव्हर काढा. येझदीचे पॉइंट तिथे डायनॅमोवरच असतात. मळ्यात पाटाचं पाणी उडतं, कव्हरचं पॅकिंग सुकलेलं असलं की ओल आत जाते आणि रात्रीतून पॉइंटवर पातळ थर धरतो. डोळ्याला ते साफ दिसतात. कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून दोनदा ओढून काढा, पट्टीवर करडी रेघ उमटली तर तोच थर. पॅकिंग नवं घाला, आणि गाडी पंपाच्या खोलीत ठेवत असाल तर तिथून हलवा.