कोयता मानेच्या रोखाने आला, मग फिर्यादीत ‘हातपाय’ कसे?

दुकानावर दोघे कोयता घेऊन चालून आले, तुम्ही शटर ओढायची लोखंडी सळई फिरवली आणि ती लागली खरेदीला आलेल्या बाईंच्या मनगटावर. हाड मोडलं. गुन्हा तुमच्यावर, आणि प्रश्न अशा प्रत्येक पत्रातला: ‘मी तर स्वतःला वाचवत होतो!’

स्वसंरक्षणाचा हक्क आहे, ते सांगत बसत नाही. पण तिऱ्हाइताला लागलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 44 (जुन्या दंड संहितेतलं 106) उघडावं लागतं, आणि त्याची अट कडक आहे. हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क नेणाऱ्या कलम 38 मध्ये जबर दुखापतीची भीतीही पुरते. 44 मध्ये फक्त मृत्यूची. शिवाय तिऱ्हाइताला धोका झाल्याशिवाय बचाव होणारच नव्हता, हेही दिसावं लागतं. कायद्यातलं उदाहरण असं: जमाव जिवावर उठलाय, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, आणि जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत.

आता तुमची फिर्याद वाचा. ‘हातपाय तोडतो म्हणाले.’ ही भीती जबर दुखापतीची, मृत्यूची नव्हे. कोयता मानेकडे आला हे मला लिहिता, पोलिसांना का नाही सांगितलंत? फिर्यादही अकराव्या दिवशी, आणि खांद्याचे टाके गल्लीतल्या डॉक्टरांकडे. सरकारी रुग्णालयात गेला असतात तर एमएलसीत, म्हणजे पोलिसांसाठीच्या वैद्यकीय नोंदीत, जखमेची लांबी, खोली, धारदार हत्यार हे सगळं त्याच दिवशी नोंदलं गेलं असतं.

तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या. आधीचं नाकारू नका. राहिलेलं सांगा आणि उशीर का झाला तेही. डॉक्टरांचा केसपेपर, रजिस्टरमधली नोंद, रक्ताळलेला शर्ट पंचनाम्यात येऊ द्या. समोरच्या दुकानाचं फुटेज आजच लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या, कारण डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग यंत्र) जुनं पुसत जातो. प्रत मिळाली तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63(4) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. मात्र कोयतेवाले पळत सुटल्यावर सळई फिरल्याचं त्यात दिसलं तर 44 विसरा. कलम 40 प्रमाणे भीती संपली की हक्क संपतो.

पुराव्याचा भार तुमच्यावर आहे, पण सरकारी पक्षाइतका कडक नाही. तुमचं म्हणणं अधिक संभवनीय ठरलं तरी भागतं.

पोलिसांनी 118(2) लावलंय, म्हणजे घातक साधनाने जबर दुखापत, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही. माझ्या मते फार तर 125(ख), बेदरकार कृत्य, तीन वर्षांपर्यंत, आणि तडजोडपात्र. पण बाई आणि साक्षीदार काय बोललेत ते वाचल्याशिवाय खात्री देत नाही. दोषमुक्तीच्या (खटला उभा राहण्याआधीच सुटण्याच्या) अर्जावर विसंबू नका: बचाव खरा की खोटा हे बहुधा साक्षीपुराव्यातच ठरतं आणि तारखांवर तारखा पडतात. अटकपूर्व जामिनाचं आधी बघा.

बाईंच्या उपचारांचा खर्च द्यायचा तर वकिलामार्फत, पावतीनिशी. ‘जबाब बदला’ असं त्यांना फोनवरही म्हणू नका.