भातुकलीत प्रेक्षक नसतो

पोरी,

तुझ्या वर्गातल्या नाटकाचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. पहिल्यांदा तू सांगितलंस तसा, लाकूडतोड्या आणि जलदेवतेकडे बघत. नंतरच्या तीनही वेळा मी फक्त खिडकीखालच्या त्या निळ्या स्वेटरवाल्या पोराकडे बघत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यानं भिंतीचा पोपडा नखानं उकरायला घेतला आणि सहाव्यापर्यंत तळहाताएवढा काढला. जलदेवतेनं सोन्याची कुऱ्हाड वर काढली तेव्हा त्यानं मानसुद्धा वळवली नाही. मुलं गोंधळ घालतात, असं तू तीनदा लिहिलंयस. मी विचारते, त्या पोरानं दुसरं करायचं तरी काय होतं?

चार मुलं नाटकात, बावीस मुलं सतरंजीवर, आणि फोनमागून तुझी कुजबुज, "पुढं बोल, पुढं बोल." ही गॅदरिंगची तालीम झाली गं.

शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख साहेब दारात उभे राहिले, "मॅडम, अभ्यास कधी घेता?" म्हणाले आणि तुझी झोप उडाली. आता तू म्हणतेस, नाटक स्नेहसंमेलनापुरतं ठेवते, वर्गात आपलं पुस्तक उघडते. मला राग आला. साहेबांचा नाही, तुझा. साहेबांनी ज्या सुरात विचारलं तो सूर वाईट असेल, प्रश्न बरोबर होता. बावीस मुलं नुसती बसली होती. पुस्तक उघडलंस तर सव्वीस बसतील, एवढाच फरक.

म्हणून एकच सांगते, आणि कंटाळलीस तरी सांगत राहणार आहे. वर्गात प्रेक्षक ठेवू नकोस.

भातुकली खेळली असशीलच. तिथं कुणी बघायला बसतं का? उशिरा आलेली पोर पाहुणी होते, नाहीतर शेजारीण, अगदीच धाकटी असली तर बाळ होऊन आडवी पडते. काम नाही असं माणूसच नसतं. आणि अंगणात एखादा मोठा माणूस हौसेनं बघत उभा राहिला की पोरी लाजतात, भांडी आवरतात. खेळ मोडतो, कारण बघणारा आला.

हे मला फार उशिरा कळलं. खरं सांगायचं तर सांगणारा वेळेवर भेटला होता, मी ऐकलं नाही. एका प्रशिक्षणात एका तरुण मुलानं आम्हा चाळीस शिक्षकांना आठवडी बाजार करायला लावला. कुणी वांगी विकतंय, कुणी बांगड्या भरतंय. मी गुडघ्याचं निमित्त सांगून भिंतीला टेकून बसले आणि वहीत नावं उतरवून घेतली. विनिफ्रेड वॉर्ड, अमेरिका, १९३०: लिहिलेल्या संहितेशिवाय, मुलांनी ऐन वेळी आपलं आपण रचलेलं नाटक. ब्रायन वे, इंग्लंड, १९६७: रंगभूमी म्हणजे नटानं प्रेक्षकाला काही पोचवणं, शाळेतलं नाट्य म्हणजे करणाऱ्याला आलेला अनुभव, तो कुणापर्यंत पोचला का हा सवालच नाही. वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि बाजार बघत बसले. चाळीस जणांत मी एकटी प्रेक्षक.

तोवर अकरा वर्षं मी स्पर्धेची बालनाट्यं बसवत होते. ढाली अजून कपाटावर आहेत, पुसते मी त्या. स्पर्धा वाईट असं म्हणत नाही. त्या ढालींमुळे शाळेला छपराचे पत्रे मिळाले, गावानं वर्गणी काढून स्टेज बांधलं. मुख्याध्यापकांना हवं होतं, पालकांना हवं होतं, आणि तेव्हाच्या माझ्या वयात टाळ्या कुणाला नको असतात? तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस.

पण एक मुलगी होती. मेंढरं राखणाऱ्याच्या घरची. पावसाळा संपला की कळपाबरोबर बाहेर जायची, मधेच उगवायची. तिला मी पडदा ओढायला ठेवली होती. दोन महिने तालमी ऐकून तिला सगळ्यांचे संवाद पाठ. स्पर्धेच्या आदल्या दिवशी राणी झालेली मुलगी तापानं फणफणली. ही पुढं झाली, "बाई, मी म्हनू का?" त्या 'म्हनू'पाशी मी अडले. परीक्षक भाषेचे गुण कापतील म्हणून राणीचा प्रवेशच गाळला, आणि नंबर तरीही आला. पुढं किती तरी वर्षांनी म्हसवडच्या यात्रेत ती भेटली, कडेवर पोर, गुलालानं माखलेली. हसत हसत त्या गर्दीत राणीचा पहिला संवाद शुद्ध भाषेत म्हणून दाखवला आणि विचारलं, "बरोबर हाय का, बाई?"

काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बरोबर आहे म्हणाले असेन.

असो. तुला पाठ कसा घ्यायचा ते हवंय.

२०१३ च्या दुष्काळात आमच्या माण तालुक्यात टँकर चालू होते. चौथीच्या वर्गात सव्वीसच मुलं, तुझ्याएवढीच. मी नाटक करू असा शब्दसुद्धा काढला नाही. गळ्यात गमछा टाकला, दारातून आत आले आणि ओरडले, "ए, टँकर आलाय! दहा हजार लिटर आहे, पुढची खेप परवा. ऐंशी घरं, चारशे माणसं. कुणाला किती, ते तुमचं तुम्ही ठरवा, मला पुढच्या गावाला जायचंय." दोन क्षण शांतता. मग एकानं दप्तर उपडं करून डोक्यावर धरलं, तो हंडा. पाठोपाठ सगळा वर्ग रांगेत.

घरटी वाटायचं ठरलं. पाटीवर भागाकार झाला, सव्वाशे लिटर. हंडा पंधराचा, म्हणजे आठ हंडे आणि वर पाच लिटर. झालं, असं वाटतंय तोवर एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी, "आमी अकरा मान्सं, त्यांच्यात तिघं. सारखं कसं?" पुन्हा भागाकार, आता माणशी. पंचवीस लिटर. तेवढ्यात मागून, "आन् आमच्या म्हशी?" म्हैस दिवसाला किती पिते यावर अर्धा वर्ग तज्ज्ञ निघाला, चार हंडे ठरले. मग तो प्रश्न आला, ज्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही: "बाई, म्हशीला मानूस धरायचं का?"

मी बाई नव्हते तेव्हा, ड्रायव्हर होते. म्हणाले, "मला काय विचारता, मी गाडीवाला. सरपंच कोण तुमच्यात?"

हे नीट वाच. मला उत्तर माहीत नसण्याची सोय त्या गमछ्यानं केली. मास्तरीण असते तर काही तरी ठोकून दिलं असतं. डोरोथी हीथकोट नावाच्या बाई हेच करायच्या. चौदाव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेल्या, पुढं इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला शिक्षक घडवायला गेल्या. त्या बाहेर उभं राहून सूचना देत नसत, भूमिका घेऊन स्वतः मुलांत शिरत. तूही शीर. सव्वीस मुलं कामाला लावायची आणि सत्ताविसावी व्यक्ती फोन धरून उभी, हे चालणार नाही. तीही प्रेक्षकच.

गमछा काढला की नाटक थांबलं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. आवाज वाढला तर डफावर एक थाप, सगळे आहेत तिथं पुतळे. वेषभूषा नको, संवाद पाठ नकोत, 'शुद्ध बोल' तर अजिबात नको. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. मात्र नंतर सगळ्यांनी खाली बसून बोलायचं आणि लिहायचं; ते सोडलंस तर नुसती करमणूक होते. आमच्या पोरांनी तहसीलदारांना अर्ज लिहिला. निबंधात चार ओळींवर अडणाऱ्या पोरानं पान भरलं, कारण त्याला म्हशीची बाजू मांडायची होती.

तू विचारशील, मग मुलांना चांगलं नाटक दाखवायचंच नाही का? दाखव ना! सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुलांसाठी लिटल थिएटर काढलं, रत्नाकर मतकरींनी आयुष्यभर बालनाट्य जपलं, १९८६ पासून पुण्यात ग्रिप्स ही मूळची जर्मन बालनाट्याची चळवळ आली, मोठी माणसं मुलांच्या भूमिका करायला लागली. यावर माझा जीव आहे. जमलं तर एसटी करून मुलांना घेऊन जा. तिथं तिकीट काढून अंधारात गप्प बसायचं असतं, ती वेगळी मजा. तुझ्या वर्गात कुणी तिकीट काढलेलं नाही.

लाकूडतोड्याचा पाठही पुन्हा घे. सोनेरी कुऱ्हाड बाजूला ठेव. लोखंडाची हरवली, घरी चूल थंड, आणि सव्वीसही जण त्याचे शेजारी. त्याला कुऱ्हाड उसनी कोण देईल, कोण नाही, का नाही? बघ काय निघतं. फसेलही. माझे पहिले तीन फसले होते, एकात तर खरी मारामारी झाली होती.

साहेब पुन्हा येतील. त्यांना २०२० च्या शैक्षणिक धोरणात कलेतून शिकवण्याबद्दल काय लिहिलंय ते दाखवायचा मोह होईल तुला. दाखव हवं तर, वाईट नाही. मी मात्र एकदा वेगळं केलं होतं. रांग लागलेली असताना आमचे साहेब वही घेऊन दारात आले. मी गमछ्यातच होते. म्हटलं, "पावणं, मधे घुसू नका, माघारी रांग हाय." एका पोरीनं रिकामं दप्तर त्यांच्या हातात दिलं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बूट काढले आणि म्हशीवाल्याच्या मागं जाऊन उभे राहिले.

तुझी,
बाई